घर विकायचंय? मग ओट्याला हात लावण्याआधी हे वाचा

बडोद्यातल्या मांजलपूरला माझ्या मावशीचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता. तो विकायचं ठरलं तेव्हा घरातल्या हौशी मंडळींनी (त्यात मीच पुढे) टूम काढली, की आधी किचन नवं करू, मग बघा कसा भाव येतो. झालं. लालभडक अॅक्रिलिकची शटरं, वर काचेची कपाटं, खाली हळूच मिटणारे ड्रॉवर. पहिलं गिऱ्हाईक आलं ते सहा माणसांचं गुजराती कुटुंब. बाईंनी एक ड्रॉवर ओढला, ढकलला, सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "घउंनी कोठी क्यां मूकवानी?" गव्हाची कोठी कुठे ठेवायची, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. एवढ्या खर्चात ती जागाच आम्ही खाऊन टाकली होती. पुढे फ्लॅट गेला, पण त्याच मजल्यावरच्या, जुन्या कडप्प्याच्या ओट्याच्या फ्लॅटला जो भाव मिळाला होता त्याच भावाला. मावशी आजही त्याला "तुझं लाल किचन" म्हणते, "आपलं" म्हणत नाही.

तेव्हापासून नात्यागोत्यातली चार-पाच घरं विकताना मी मधे होतो. बडोद्यात पहिल्यांदाच घर विकायला काढणाऱ्यांसाठी त्या अनुभवातून हे लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका

आपल्याकडे स्वयंपाकघरामुळे घराचा भाव वाढत नाही, भाव पाडून मागण्याची सबब कमी होते. भाव ठरतो तो गल्ली, सोसायटीचं वय, मजला, लिफ्ट, पार्किंग, कार्पेट एरिया आणि कागदपत्रं यांवर. सरकारची जंत्री (म्हणजे रेडी रेकनर) तुमचा ओटा बघत नाही. बँकेचा व्हॅल्युअर बघतो, मान डोलावतो आणि आकडा लिहिताना विसरतो. म्हणजे तुमच्या नव्या किचनचे पैसे घेणाऱ्याला कर्जातून मिळत नाहीत, खिशातून काढावे लागतात. त्या खिशातून आधीच ४.९ टक्के स्टॅम्प ड्यूटी आणि १ टक्का नोंदणी फी जायची असते. (दस्तावेज, म्हणजे खरेदीखत, बाईच्या नावे असेल तर गुजरातमध्ये नोंदणी फी माफ आहे, म्हणून इथे पुष्कळ घरं बायकांच्या नावावर होतात.)

अमेरिकेत 'कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू' नावाचा अहवाल याचा हिशेब मांडतो. त्याच्या २०२४ च्या आवृत्तीत किचनच्या किरकोळ नूतनीकरणाचा सुमारे ९६ टक्के खर्च विक्रीत परत येतो असं दिसलं, तर अगदी उंची, सगळं उखडून केलेल्या किचनचा जेमतेम ३८ टक्के. तिकडची घरं वेगळी, गिऱ्हाईकं वेगळी, त्यामुळे ते आकडे बडोद्याला लावू नका. पण कमी खर्चाचं काम वसूल होतं आणि थाटामाटाचं बुडतं, हे मात्र मांजलपूरलाही खरं ठरलं.

पहिली पायरी: पंचांग काढा

घर कधी विकणार? अजून चार-पाच वर्षं तिथेच राहणार असाल तर हा लेख मिटा आणि तुमच्या मनासारखं किचन करा, ते तुमच्यासाठी आहे. सहा-आठ महिन्यांत विकायचं असेल तरच पुढचं वाचा.

बडोद्याच्या बाजाराला स्वतःची तिथी आहे. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत कमुर्ता, म्हणजे आपला धनुर्मास. त्या महिन्यात कुणी बानाखत (विक्रीचा करार) करत नाही. श्राद्धपक्षातही तेच. लोक घरं बघायला येतात, पण बोलणं पुढे सरकत नाही. काम अशा थंड दिवसांत उरकायचं आणि उत्तरायणानंतर किंवा दसऱ्याच्या तोंडावर घर दाखवायला काढायचं. पावसाळ्यात फोडाफोड नको, कारण प्लास्टर वाळत नाही, लाकूड फुगतं आणि मिस्त्री सबबी सांगतो. होळीच्या आसपासही काम हाती घेऊ नका. परप्रांतातले सुतार गावी जातात आणि तुमचं अर्धवट कपाट तुमच्याकडे बघत बसतं.

दुसरी पायरी: परक्याच्या नजरेनं बघा

आपल्याच स्वयंपाकघराचा वास आपल्याला येत नाही. म्हणून नात्यातली एखादी फटकळ बाई बोलवा. प्रत्येक घरात एक असतेच. तिला चहा करायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहा. ती कुठे चाचपडते, कुठला खण अडकतो, सिंकखालचं दार उघडल्यावर नाक मुरडते का, दुपारी तीन वाजता दिवा लावावा लागतो का, हे लिहून घ्या. ही यादी म्हणजे तुमचं काम. इंटिरियरवाल्याच्या लॅपटॉपमधलं रंगीत चित्र नंतर बघू.

घेणारे नेमकं काय करतात, तेही सांगतो. पुरुष खिडकीतून बाहेर बघतात आणि पार्किंग विचारतात. बायका नळ सोडतात, सिंकखाली वाकतात, वरच्या कोपऱ्यातल्या ओलीकडे बघतात. सौदा मोडायचा की नाही हे त्या वाकण्यातच ठरतं.

तिसरी पायरी: रक्कम बांधून घ्या

माझा ठोकताळा असा: घराच्या अपेक्षित किमतीच्या दोन टक्क्यांपलीकडे किचनवर जायचं नाही. ४५ लाखांचा फ्लॅट असेल तर ९० हजार. हे शास्त्र नव्हे, जळल्यावर आलेलं शहाणपण आहे. त्यातले निम्मे पैसे न दिसणाऱ्या कामांत जातील, याची मनाची तयारी ठेवा.

जुन्या शहरातलं घर असेल, दांडिया बाजारातला वाडा किंवा मांडवीकडच्या पोळेतलं, म्हणजे जुन्या गल्लीतलं, तर दोन टक्केसुद्धा नकोत. तिथलं घेणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा जागा घेतं, खाली दुकान काढतं, वर गोदाम करतं. गायकवाडांच्या काळापासूनची काळोखी मोरी आणि चुलीच्या धुरानं काळवंडलेली तुळई त्याला दिसतच नाही. ती मोरी स्वच्छ घासा, चुना मारा, मोठा दिवा लावा, बस्स. आणि तुमचा भाग अशांत धाऱ्यात (गुजरातच्या अशांत क्षेत्र कायद्यात) येतो का ते आधी बघा. येत असेल तर दस्तावेजाआधी कलेक्टरची परवानगी लागते, तिला वेळ जातो, आणि तोवर तुमचा नवा रंग जुना होतो.

चौथी पायरी: पाणी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळे पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात.

सिंकखालचा पाइप बदला. तो शंभरातल्या नव्वद घरांत कुठेतरी पाझरत असतो आणि मागचं प्लाय कुजवत असतो. जुना स्टीलचा सिंक डागाळलेला असेल तर ३०४ ग्रेडचा साधा, खोल, एका भांड्याचा सिंक बसवा. दोन भांड्यांचा सिंक छोट्या ओट्यावर नुसती जागा अडवतो. बोअरच्या पाण्यानं नळांवर पांढरी पुटं चढतात. ती लिंबू किंवा व्हिनेगरनं निघतात, निघाली नाहीत तर नळच बदला. फार महाग काम नाही, आणि येणाऱ्याचा हात पहिल्यांदा तिथेच पडतो.

मग वॉश एरिया. गुजरातेतल्या फ्लॅटांत स्वयंपाकघराला लागून भांडी-कपड्यांची उघडी जागा असते, आपण तिला चोकडी म्हणतो. खालच्या मजल्याच्या छताला ओल आली असेल तर मूळ तिथेच असतं. तपासायची रीत सोपी आहे. जाळी कापडाच्या बोळ्यानं घट्ट बंद करा, चोकडीत दोन-तीन इंच पाणी भरा, २४ तास ठेवा, आणि खालच्या शेजाऱ्याकडे चहाला जा. छत कोरडं असेल तर काही करू नका. ओल दिसली तर टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग करा, उतार जाळीकडे आहे ना ते बघा, आणि नवं प्लास्टर किमान सात दिवस पाणी मारून ओलं ठेवा. ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग फासून घर दाखवू नका. पोपडे सहा आठवड्यांत येतात, आणि बानाखत ते दस्तावेज यांत सहज तेवढा वेळ जातो.

आता विश्वामित्री नदी. तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर बडोद्यातला प्रत्येक घेणारा विचारतो, "पाणी आवेलुं?" म्हणजे पाणी आलं होतं का? आलं असेल तर खरं सांगा. शेजारी सांगणारच आहेत. आणि मग किचन असं करा की पुढचं पाणीही सोसेल: ओट्याखाली प्लायचे खोके नकोत, कडप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे उभे-आडवे पट्टे घालून खण करा, शटरं तेवढी अॅल्युमिनियमच्या चौकटीची. विजेचे पॉइंट ओट्याच्या वरच ठेवा. असा दगडी सांगाडा पूर ओसरल्यावर फडक्यानं पुसून चालू करता येतो, आणि ही गोष्ट घर दाखवताना मुद्दाम बोलून दाखवण्यासारखी आहे. नदीकाठच्या भागात हाच एक खर्च मी डोळे झाकून करा म्हणेन.

पाचवी पायरी: वीज आणि गॅस

फ्रीज, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर एकाच बोर्डात एक्सटेन्शन लावून चालवलेले दिसले, की गिऱ्हाइकाच्या डोक्यात "सगळं वायरिंग बदलावं लागणार" हा विचार येतो आणि तो किमतीतून मोठी रक्कम वजा करतो. ओट्याच्या वर १६ अँपिअरचे दोन पॉइंट, त्यांना स्वतंत्र वायर, आणि मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) एवढं पुरे.

पाइपचा गॅस असेल तर ती ओळ सुताराला कापू देऊ नका. मीटर किंवा पाइप सरकवायचा असेल तर गॅस कंपनीकडे अर्ज करून त्यांच्याच माणसाकडून करून घ्या. व्हॉल्व्ह बंद कपाटात कोंडायचा नाही, दाराला हवेची जाळी ठेवायची. मी एका घरी सुंदर लॅमिनेटच्या मागे असा व्हॉल्व्ह गाडलेला बघितलाय. घर बघायला आलेल्या काकांनी तो शोधून काढला आणि मग त्यांना सगळ्याच घराचा संशय यायला लागला.

सहावी पायरी: ओटा

जुना कडप्पा असेल आणि शाबूत असेल तर त्याला लगेच कुदळ लावू नका. कड घासून, पॉलिश करून तो पुष्कळ सुधारतो. तडा गेला असेल किंवा डुगडुगत असेल तर काळा किंवा करडा ग्रॅनाइट घाला. पांढरा क्वार्ट्झ दिसायला देखणा, पण गरम तवा टेकला की डाग पडू शकतो, आणि हळद तर आपल्या घरात रोज सांडते. विकायच्या घरात पांढरा दगड म्हणजे गिऱ्हाईक येईपर्यंत पहारा देणं.

उंची ३२ ते ३४ इंच, खोली २४ इंच. ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत साधारण २४ इंच मोकळे ठेवा, नाहीतर मिक्सरचं भांडं काढताना झाकण आपटतं. ओट्यामागे दोन-तीन फूट फिकट टाइल्स पुरतात, छतापर्यंत नेण्याचा हट्ट नको. नक्षीची टाइल तर अजिबात नको. तुम्हाला आवडलेली द्राक्षं आणि सुरई पुढच्या बाईला आवडतीलच असं नाही.

सातवी पायरी: कपाटं, आणि सुताराशी बोलणं

जुनी शटरं सरळ असतील तर फक्त नवं लॅमिनेट, नव्या बिजागऱ्या आणि नव्या मुठी एवढ्यावर भागवा. स्वयंपाकघराचं रूप पालटतं आणि खर्च अंगाबाहेर जात नाही. सांगाडा कुजला असेल तरच नवीन.

नवीन करताना प्लायची जात विचारा. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारं, पाणी नव्हे. ते बेडरूमच्या कपाटाला ठीक. किचनला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारं (आयएस ३०३ मधली वरची जात), आणि सिंकखाली बीडब्ल्यूपी, त्याहून पक्कं, आयएस ७१०. जाडी १८ मिलिमीटर. शिक्का बघा, पण शिक्क्यावर विसंबू नका. एका कामात आमच्या सुतारानं वर छाप एक आणि आत माल दुसरा असा कारभार केला होता. पातेल्यात तुकडा टाकून दोन-तीन तास उकळला, तर त्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. तेव्हापासून मी पहिल्या दिवशीच एक तुकडा मागून घेतो. सुतार हसतो, पण माल नीट आणतो.

भाव विचारताना मापाची भाषा पक्की करा. कुणी रनिंग फुटानं सांगतो, कुणी चौरस फुटानं. चौरस फुटात कुणी फक्त शटरांचा दर्शनी भाग मोजतो, कुणी ओट्याखालची मोकळी जागासुद्धा. बिजागऱ्या, चॅनल, मुठी, भांड्यांच्या जाळ्या आत की वेगळ्या? हे सगळं कागदावर घेऊन तीन भाव एकाच मापात बसवा, मगच तुलना होते. पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता शेवटचा ड्रॉवर नीट सरकल्यावर.

ड्रॉवरच्या मोहात तर पडूच नका. दोन-तीन बस्स. बाकी साधे खण.

आठवी पायरी: बडोद्याचं गिऱ्हाईक काय शोधतं

घर मराठी माणसाचं असलं तरी घेणारं बहुधा गुजराती असेल, हे गृहीत धरून चाला. त्यांच्याकडे, आणि जुन्या बडोदेकर मराठी घरांतही, उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतात, दिवेल (एरंडेल) चोळून. त्या कोठ्यांना उभी जागा लागते. ओट्याचं एक टोक खाली मोकळं सोडा, दोन-सव्वादोन फूट रुंद, दार नको. माळा असेल तर तो मजबूत आणि धुतलेला ठेवा. पाण्याच्या माठासाठी, त्यांच्या पाणियाऱ्यासाठी, एक छोटा कट्टा शक्य असेल तर ठेवा. त्यावर संध्याकाळी दिवा लावणारी घरं अजून आहेत.

वास्तूचं बोलणं होणारच. आग्नेयेचं किचन, पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक, शेगडी आणि सिंक लांब. शेगडी-सिंक यांच्यात दीड-दोन फूट अंतर ठेवणं स्वयंपाकाच्या सोयीचंही आहे, ते करा. पण दिशा बदलण्यासाठी भिंत पाडू नका. जुन्या सोसायट्यांत नऊ इंची भिंतीवरच स्लॅब टेकलेला असतो, आणि २६ जानेवारी २००१ चा भूकंप बघितलेल्या गुजरातेत भिंतीची प्रत्येक चीर लोक बोट फिरवून बघतात. "ओपन किचन"साठी भिंत काढली असेल तर पहिला प्रश्न इंजिनिअरच्या दाखल्याचा येतो. त्यातून इथल्या फोडणीला खुलं किचन मानवत नाही. हिंगाचा वास थेट सोफ्यात.

चिमणी घालायची तर शेगडीच्या रुंदीची, दोन बर्नरला ६० सेंटीमीटर पुरते. धुराचा पाइप शेजाऱ्याच्या खिडकीसमोर काढू नका, नाहीतर सोसायटीचा दाखला अडकतो.

सोसायटी आणि मलबा

काम सुरू करण्याआधी सेक्रेटरींना पत्र द्या. मलबा कुठे टाकायचा, लिफ्टमधून पोती नेता येतील का, दुपारी ठोकाठोक चालेल का, सगळं विचारून घ्या. विक्रीच्या वेळी हेच सेक्रेटरी तुमच्या ना-हरकत दाखल्यावर सही करणार आहेत, आणि गिऱ्हाईक जिन्यात त्यांनाच पहिल्यांदा भेटणार आहे.

बिलं

पक्की बिलं घ्या, बँकेतून पैसे द्या, आणि सगळं एका फायलीत ठेवा. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमचं असेल तर विक्रीवर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा धरतात. २३ जुलै २०२४ पासून त्यावर इंडेक्सेशनशिवाय (खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता) १२.५ टक्के कर आहे. भारतात रहिवासी असलेल्या व्यक्तीला त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी इंडेक्सेशनसह २० टक्क्यांच्या हिशेबाची मुभाही आहे, जो कमी पडेल तो. घराला कायमची जोडलेली सुधारणा नफ्यातून वजा होऊ शकते. नुसता रंग, नळदुरुस्ती सहसा धरत नाहीत. तुमच्या फायलीतलं काय चालेल ते सीएला विचारा, पण फाइल असेल तरच विचारता येईल.

किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून भरणार, दचकू नका. आणि बान्याची (आगाऊ) रक्कम रोखीत घेण्याचा मोह टाळा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

दाखवण्याच्या दिवशी आणि नंतर

ओटा रिकामा ठेवा. फ्रीजवरचे चुंबक, खिडकीतल्या लोणच्याच्या बरण्या, दाराआड लटकणारी पिशव्यांची पिशवी, सगळं हलवा. आदल्या रात्री बोंबील तळू नका. गिऱ्हाईक जैन असेल तर दारातूनच परत जाईल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं नाही.

बानाखतात किचनमधलं काय राहणार ते नावानिशी लिहा: चिमणी, शेगडी, आरओ, ट्रॉल्या. मावशीच्या वेळी हे लिहिलं नव्हतं, आणि चाव्या देण्याच्या दिवशी एका जुन्या वॉटर प्युरिफायरवरून अर्धा तास हुज्जत झाली. गॅसचं मीटर रीडिंग आणि वीजबिल यांचे फोटो काढा, दोन्ही कनेक्शनं नव्या माणसाच्या नावावर करण्याचे अर्ज त्याच आठवड्यात द्या. उरलेल्या चार टाइल्स, लॅमिनेटचा तुकडा आणि जास्तीच्या दोन मुठी सिंकखाली कागदात गुंडाळून ठेवा, वर दुकानाचं बिल चिकटवा. टाइल फुटली की नव्या मालकाला तीच जात परत मिळत नाही.